खरकट्याची चक्की: सिंकखालच्या यंत्राची गोष्ट

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना लोकलमध्ये नेटवर्क मिळत नाही, ज्यांच्या इअरफोनचा एक कान गेलाय आणि ज्यांची 'दादा, तू फार भरभर बोलतोस' अशी कायमची तक्रार आहे, त्या सगळ्यांसाठी. बोललो तसंच ठेवलंय. फक्त माझं खोकणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.

तर आजची गोष्ट सुरू होते साबुदाण्यापासून.

मी शिकायला न्यू जर्सीत होतो तेव्हाची गोष्ट. एक फ्लॅट, तीन पोरं, आणि भाडं भरताना तिघांचाही जीव वर-खाली. आमच्यातला एक सांगलीचा. आषाढी एकादशीला त्याला खिचडी करायची हुक्की आली. साबुदाणा भिजवताना पाणी जास्त झालं, पार लगदा झाला. 'आता याचं काय करू?' म्हणून त्याने तो सगळा सिंकमध्ये ओतला. आमच्या सिंकच्या भोकाला काळं रबर होतं आणि त्याच्या खाली ते यंत्र. तिकडे त्याला 'डिस्पोजर' किंवा नुसतं 'डिस्पोजल' म्हणतात. भिंतीवर दोन बटणं शेजारी शेजारी, एक दिव्याचं आणि एक याचं. पहिला आठवडाभर आम्ही दिवा लावायला जायचो आणि सिंक गुरगुरायला लागायचं. दर वेळी दचकायचो.

त्या दिवशी त्याने बटण दाबलं. 'खर्रर्र' असा एक भयंकर आवाज आला, मग नुसतं 'ऊंऽऽ' आणि मग एकदम शांत. साबुदाण्याबरोबर एक स्टीलचा चमचा आत गेला होता. यंत्र बंद, सिंक तुडुंब, आणि आमच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट: डिपॉझिट. भाडेकरारात लिहिलेलं होतं की नुकसान झालं तर डिपॉझिटमधून कापून घेणार. विद्यार्थ्यांसाठी ती रक्कम म्हणजे दोन महिन्यांचा किराणा होता हो.

बिल्डिंगचे मेंटेनन्सवाले काका आले. साठीचे असतील. आधी त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग मुख्य बोर्डवरचा एमसीबी पाडला. मी शहाणपणा करून विचारलं, 'आतली पाती खराब झाली असतील ना?' ते हसले. म्हणाले, 'यात पातं नसतंच.'

मला वाटलं, चेष्टा करतायत. घरी आपण याला मिक्सरचा मोठा भाऊ समजतो. पण ते खरं बोलत होते, आणि त्या एका वाक्यामुळे मी पुढे या यंत्राच्या मागे लागलो. आजचा भाग त्यातूनच निघालाय.

आधी यंत्र समजून घेऊ, म्हणजे इतिहास कळेल. सिंकच्या तोंडाला एक डबा लटकवलेला असतो. डब्याच्या तळाशी एक गोल तबकडी, ती मोटरवर गरगर फिरते. तबकडीवर दोन बोथट लोखंडी तुकडे असतात, खिळ्यावर सैल बसवलेले, झोके घेणारे. खरकटं तबकडीवर पडलं की फिरण्याच्या जोराने ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. जत्रेतल्या चक्रीपाळण्यात आपण कसे बाहेरच्या बाजूला दाबले जातो, अगदी तसंच. बाहेर कडेला एक खरखरीत कडं असतं, किसणीसारखं. त्या कड्यावर आपटून आणि घासून अन्नाचा चुरा होतो, आणि पाण्याबरोबर बारीक भोकांतून खाली जातो. म्हणजे हे मिक्सरपेक्षा आपल्या जात्याच्या जवळचं आहे. कापत नाही, रगडतं.

आणि म्हणूनच चमचा अडकला की काय होतं? तबकडी थांबते, पण मोटरला वीज मिळतच राहते. फिरता न येणारी मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते आणि तापते. तो 'ऊंऽऽ' आवाज याचाच. जळून जायच्या आत आतला एक सुरक्षेचा स्विच उडतो आणि सगळं शांत होतं. काकांनी टॉर्च मारून चिमट्याने चमचा काढला, मग सिंकखाली आडवे होऊन यंत्राच्या बुडाला, अगदी मधोमध असलेल्या सहा कोनी खाचेत ॲलन की घातली आणि डावीकडे-उजवीकडे हलवत तबकडी मोकळी केली. बुडालाच एक लाल बटण होतं, ते दाबलं. एमसीबी वर केला. यंत्र सुरू!

पाणी मात्र तरीही जाईना. कारण साबुदाणा यंत्रातून पास होऊन खालच्या वाकड्या पाइपात जाऊन बसला होता, खळ लावल्यासारखा. तो पाइप खोलून, खाली बादली धरून, हाताने काढावा लागला. तो कुणी काढला हे मी सांगणार नाही. सांगलीकर ऐकतो हा पॉडकास्ट.

असो. आता इतिहासाकडे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावर रसीन नावाचं गाव आहे. तुमच्या घरातला हॉर्लिक्सचा डबा आठवतोय? त्या हॉर्लिक बंधूंचा माल्टेड मिल्कचा धंदा वाढला तो याच गावात. तर अशा या गावात जॉन हॅम्स नावाचे एक आर्किटेक्ट राहायचे. सांगितली जाणारी गोष्ट अशी की बायको रोज उरलंसुरलं अन्न वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर टाकते, हे त्यांनी पाहिलं आणि डोक्यात विचार आला, हे इथल्या इथे सिंकमध्येच दळून टाकलं तर? १९२७ मध्ये त्यांनी घरच्या तळघरात यंत्र बनवायला घेतलं. पेटंटचा अर्ज १९३३ मध्ये केला, ते मिळालं ऑगस्ट १९३५ मध्ये. कंपनी निघाली १९३८ मध्ये. आणि पहिल्या वर्षी विकली गेली किती यंत्रं? बावन्न! आठवड्याला एक.

मला हा बावन्नचा आकडा फार आवडतो. आज स्टार्टअपवाली पोरं पहिल्या महिन्यात दहा हजार डाउनलोड झाले नाहीत तर तोंड पाडून बसतात. इथे एका माणसाने कल्पना सुचल्यापासून अकरा वर्षं काढली आणि मग आठवड्याला एक यंत्र विकलं.

कंपनीचं नावही मजेशीर. त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या इमारतींमध्ये कचरा जाळायची भट्टी असायची, तिला म्हणायचे इन्सिनरेटर. हॅम्स यांनी त्यावर कोटी केली: 'इन-सिंक-इरेटर'. कचरा भट्टीत नाही, सिंकमध्ये संपवणारा. ही कोटी इतकी चालली की आज अमेरिकेतल्या प्लंबरांच्या तोंडी ते नाव जवळजवळ यंत्राचंच नाव झालंय, आपल्याकडे झेरॉक्सचं झालं तसं. १९६८ मध्ये एमर्सन इलेक्ट्रिकने ही कंपनी घेतली आणि २०२२ मध्ये व्हर्लपूलने ती सुमारे ३ अब्ज डॉलर्सना विकत घेतली. बावन्न यंत्रांपासून ३ अब्ज डॉलर्स. बरं.

पण थांबा, इथे एक भांडण आहे. जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीने १९३५ मध्येच आपलं असंच यंत्र बाजारात आणलं होतं, 'डिस्पोजॉल' नावाने. म्हणजे सगळ्याची विल्हेवाट लावणारा. त्यामुळे पहिला मान कुणाचा, यावर वाद आहे. कल्पना आणि पेटंटचा अर्ज हॅम्स यांचा आधी, दुकानात माल आधी जीईचा. शोधांच्या इतिहासात हे नेहमीचंच. एका माणसाच्या नावाने पाटी लागते, पण त्याच वेळी चार ठिकाणी चार जण त्याच गोष्टीवर डोकं आपटत असतात.

आता खरा प्रश्न. चार जणांना एकाच वेळी हे का सुचावं? वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या खरकट्यात एवढं काय होतं?

त्यासाठी आपल्याला तिथल्या कचऱ्यात जरा हात घालावा लागेल. १८९५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या रस्ते सफाई खात्यावर कर्नल जॉर्ज वेअरिंग नावाचे गृहस्थ आले. त्याआधी रस्त्यावर घोड्यांची लीद, राख, भाजीपाल्याचा चिखल असा सगळा काला असायचा. वेअरिंग यांनी झाडूवाल्यांना पांढरे शुभ्र गणवेश दिले आणि १८९६ मध्ये लोकांना सांगितलं, तीन डबे ठेवा: राख वेगळी, सडणारा कचरा वेगळा, बाकीचं वेगळं. म्हणजे आपल्याकडे आज 'ओला-सुका वेगळा करा' म्हणून घंटागाडीवर जी रेकॉर्ड वाजते, तिची सव्वाशे वर्षांपूर्वीची आवृत्ती. हे वेअरिंग मुळात गटारांचे इंजिनिअर. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे गटारं येणार आहेत.

तो वेगळा केलेला ओला कचरा जायचा कुठे? काही ठिकाणी तो मोठ्या कढयांमध्ये उकळून त्यातली चरबी काढायचे, साबणासाठी वगैरे. न्यूयॉर्कजवळच्या बॅरन आयलंडवर असे कारखाने होते आणि त्यांच्या वासाने ब्रुकलिनकर हैराण होते. आणि खूपसा कचरा जायचा डुकरांकडे. न्यूयॉर्कच्या पलीकडे न्यू जर्सीत सिकॉकस म्हणून गाव आहे. आज तिथे मॉल आणि रेल्वे स्टेशन आहे, मी तिथून शेकडो वेळा गाडी बदललीये. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते गाव प्रसिद्ध होतं डुकरांसाठी. शहरातल्या हॉटेलांचं खरकटं तिथे जायचं, डुकरं खायची, आणि डुकरं परत शहरात यायची, मटण म्हणून. एका अर्थी बघाल तर चक्र पूर्ण. काहीच वाया नाही.

मग बिनसलं कुठे? रोगांमध्ये. कच्च्या खरकट्यात डुकराच्याच मांसाचे तुकडे असायचे. त्यात जंतू असले की ते दुसऱ्या डुकरात जायचे. कॅलिफोर्नियात १९३२ पासून डुकरांना होणारा एक विषाणूजन्य रोग माहीत होता, तोंडाला आणि खुरांना फोड येणारा, लाळ्या-खुरकुतासारखा दिसणारा. वीस वर्षं तो त्या एकाच राज्यात अडकून राहिला. १९५२ मध्ये तो बाहेर पडला. आणि कसा पडला, तर रेल्वेने! कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या गाडीच्या डायनिंग कारमधलं खरकटं वायोमिंग राज्यातल्या शायेन इथे डुकरांना घातलं गेलं. तिथली डुकरं नेब्रास्कात गेली आणि बघता बघता हा रोग चाळीसहून जास्त राज्यांत पसरला. त्यानंतर राज्यांनी धडाधड कायदे केले: डुकरांना द्यायचं खरकटं आधी शिजवलंच पाहिजे. आता शिजवायचं म्हणजे इंधन आलं, भांडी आली, माणसं आली. फुकटचं खाद्य महाग झालं. डुकरवाल्यांचा खरकट्यातला रस संपत गेला.

म्हणजे बघा, एका बाजूला बायका रोज ओलं खरकटं कागदात गुंडाळतायत, उन्हाळ्यात त्याला अळ्या होतायत, माश्या, उंदीर. दुसऱ्या बाजूला ते उचलून नेणारं गिऱ्हाईक गायब होतंय. या फटीत आपलं सिंकखालचं यंत्र शिरलं.

आणि एका गावाने तर कमालच केली. इंडियाना राज्यात जॅस्पर नावाचं छोटं गाव आहे. डुकरांमधल्या रोगाची भीती तिथेही होती. त्यांनी ठरवलं, घराघरातून ओला कचरा गोळा करणंच बंद. नवा सांडपाणी प्रकल्प बांधायचा, कंपनीकडून घाऊक भावात यंत्रं घ्यायची आणि घराघरात बसवायची. १९५० मध्ये हे झालं. खरकटं गाडीतून न जाता पाइपातून जाईल! त्या काळी हे आजच्या 'स्मार्ट सिटी'सारखं वाटलं असणार, पेपरांत भरपूर गाजलं. यात एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. जॅस्परने यंत्रं आणि सांडपाणी प्रकल्प यांचा विचार एकत्र केला होता. पाइपाच्या या टोकाला काय घालतोय आणि त्या टोकाला काय आहे, दोन्ही पाहिलं.

सगळ्यांनी तसं पाहिलं नव्हतं. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत नियमच होता की गटारात अन्न टाकायचं नाही. कंपनीवाले शहरोशहरी फिरून नगरपालिकांना पटवत होते की नियम बदला. यंत्र बनवणं सोपं होतं, नियम बदलणं अवघड. बऱ्याच ठिकाणी जमलं. पण एक शहर हटून बसलं: न्यूयॉर्क.

आता वेअरिंगसाहेबांना परत बोलावू. १८८० मध्ये त्यांनी मेम्फिस शहरासाठी गटारं आखली होती, त्यात मैला वाहणारे नळ पावसाच्या पाण्यापासून वेगळे ठेवले होते. न्यूयॉर्कमध्ये मात्र बहुतांश भागात जुनी एकत्र गटारं. म्हणजे संडासाचं पाणी, मोरीचं पाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून. कोरड्या दिवसात सगळं शुद्धीकरण केंद्रात जातं. पण जोराचा पाऊस पडला की नळ भरतो आणि जास्तीचं पाणी, मैल्यासकट, थेट नदीत. आजही तिथली साठ टक्क्यांच्या आसपास गटारं अशीच आहेत. आपल्या मुंबईकरांना हे सांगायची गरज नाही. पावसाळ्यात काय कुठून बाहेर येतं, ते आपण डोळ्यांनी बघतो.

न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, आधीच ही अवस्था, त्यात लाखो घरांचं दळलेलं खरकटं घालू? तुंबेल. नदी आणखी घाण होईल. म्हणून एकत्र गटारांच्या भागात घरगुती डिस्पोजरला बंदी. किती वर्षं? काही दशकं! बाकीच्या अमेरिकेत नवीन घर घेतलं की सिंकखाली यंत्र ठरलेलं, आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत शहरात मात्र ते बेकायदा.

शेवटी १९९० च्या दशकात शहराच्या पर्यावरण खात्याने एकवीस महिने अभ्यास केला. निवडक इमारतींमध्ये यंत्रं बसवून पाइपांत आणि पाण्यात काय फरक पडतो, ते तपासलं. निष्कर्ष निघाला की जितकी भीती होती तितका फरक पडत नाही, आणि १९९७ मध्ये बंदी उठली. तरी गंमत अशी की कायदा बदलला पण बऱ्याच जुन्या इमारतींच्या सोसायट्यांनी आपापली बंदी चालूच ठेवली. कारण साधं: इमारतीतले पाइप जुने, आणि तुंबलं तर खालच्या मजल्यावरच्याच्या सिंकमधून वर येणार. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर काय काय झालं असेल, ते तुम्ही सहज इमॅजिन करू शकता. सेक्रेटरी जगभर सारखाच असतो.

यापुढची गोष्ट माझी सगळ्यात लाडकी आहे. गाव रॉली, राज्य नॉर्थ कॅरोलिना, साल २००८. तिथल्या नगरपालिकेचं म्हणणं होतं, लोक सिंकमधून तूप-तेल-चरबी सोडतात, गटारं तुंबतात आणि मैला रस्त्यावर येतो. म्हणून त्यांनी नियम केला: इथून पुढे नवीन डिस्पोजर बसवायचा नाही. आणि जुना बदलूनही नवा घालायचा नाही. हा नियम आजूबाजूच्या, त्याच गटारव्यवस्थेला जोडलेल्या गावांनाही लागू.

म्हणजे तुमच्या घरात जुना चालू आहे? वापरा. मेला? संपलं. सिंकखाली नुसतं भोक.

हा नियम एक महिनाभर टिकला. लोकांचा गदारोळ झाला आणि तो मागे घेतला. मला यात इंटरेस्ट वाटतो तो 'बदलणे' या शब्दात. बसवणं, दुरुस्त करणं आणि बदलणं ही तीन वेगळी कामं आहेत, आणि या यंत्राच्या बाबतीत त्यांच्यातली रेघ कुठे आहे हे आमच्या त्या काकांना बरोबर माहीत होतं. नुसतं गुणगुणतंय, फिरत नाहीये: काहीतरी अडकलंय, ॲलन कीने सुटतं. आवाजच नाही: लाल बटण दाबा, एमसीबी बघा. वरून, सिंकच्या तोंडाशी गळतंय: तिथली पुट्टी सुकलीये, खोलून जुनी खरवडून नवी लावा. बाजूने गळतंय: डिशवॉशरच्या नळीचा क्लँप सैल झालाय. आणि बुडातून गळतंय? मग आतलं सील गेलं, पाणी मोटरकडे जातंय. तिथे दुरुस्तीला अर्थ नाही, बदलायचाच. रॉलीतल्या माणसाच्या डिस्पोजरचं बूड त्या महिन्यात गळायला लागलं असेल तर विचार करा त्याची काय पंचाईत झाली असेल.

नवा बसवतानाही एक गंमत आहे, तिकडच्या सगळ्या प्लंबरांना माहीत असलेली. डिशवॉशरची नळी जिथे लागते, तिथे नव्या यंत्रात प्लॅस्टिकची एक चकती मुद्दाम बंद ठेवलेली असते. ज्यांच्याकडे डिशवॉशर नाही त्यांच्यासाठी. ती आधी स्क्रू-ड्रायव्हर ठोकून पाडायची असते. उत्साही माणसं यूट्यूब बघून सगळं फिट करतात, चकती विसरतात, आणि रात्री डिशवॉशर लावला की त्याचं पाणी जायला जागाच नसते. सकाळी स्वयंपाकघराचं तळं!

आणि हो, आपल्या लोकांसाठी खास. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत हे यंत्र मरतं ते ठरावीक गोष्टींनी. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कणसाची सालं, केळीची सालं: यांचे धागे तबकडीला गुंडाळले जातात. उरलेला भात, साबुदाणा, कणीक: यंत्रातून जातात पण खाली पाइपात फुगून बसतात. तूप आणि फोडणीचं तेल: गरम असताना पळतं, पुढे थंड पाइपात गोठतं. म्हणूनच यंत्र चालवताना पाणी गार सोडायचं असतं, गरम नाही. गार पाण्यात चरबी इथेच घट्ट होते आणि तुकडे होऊन वाहून जाते. गरम सोडलं तर वितळून पुढे जाते आणि जिथे आपला हात पोचत नाही तिथे जमते. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय, हे तर सांगायलाच नको. आणि इथून नेलेलं किंवा तिथून आणलेलं यंत्र सरळ जोडू नका: तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०.

या भागाची घोषणा केली तेव्हा पुण्याच्या एका ताईंनी मेसेज केला होता: 'नवीन फ्लॅट घेतोय, मॉड्युलर किचनवाला डिस्पोजर घ्या म्हणून मागे लागलाय, घेऊ का?' मी प्लंबर नाही, तरी माझं मत सांगतो.

हे यंत्र कचरा संपवत नाही. कचऱ्याचा पत्ता बदलतं. घंटागाडीकडे जाणारी वस्तू गटाराकडे जाते. गटाराच्या त्या टोकाला चांगलं शुद्धीकरण केंद्र असेल, तर तिथे याचा गॅस बनतो, खत बनतं. स्वीडनमध्ये सुराहामार नावाच्या छोट्या गावाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून असं करून दाखवलंय. पण आपल्याकडे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर दिलंय, आणि ते शुद्ध करायची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. निम्म्याहून कमी. म्हणजे बरीचशी गटारं सरळ नदीत जातात. तिथे तुमचं दळलेलं खरकटं गेलं की ते मुळा-मुठेत जाणार.

आणि पुण्यात तर दुसरी एक गोष्ट आहे. कचरावेचकांची संघटना तिथे १९९३ पासून आहे आणि २००८ मध्ये त्यांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काढली. ताई, तुमच्या दारात येऊन ओला-सुका वेगळा घेऊन जाणाऱ्या मावशी बहुतेक त्यातल्याच. खरकटं तिकडे दिलं तर त्याचं खत होण्याची शक्यता निदान आहे. तुमच्या सोसायटीचा स्वतःचा शुद्धीकरण प्लांट असेल, तर तो चालवणाऱ्या माणसाला आधी विचारा की एवढा जास्तीचा माल त्याला झेपेल का. बिल्डरला विचारू नका. तो चालवणाऱ्या माणसाला विचारा.

खुद्द न्यूयॉर्कचंही आता बघा. ज्या शहराने १९९७ मध्ये एवढा अभ्यास करून सिंकचं भोक खुलं केलं, त्याच शहराने ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या रहिवाशांना सांगितलं की खरकटं वेगळ्या डब्यात द्या, त्याचं खत किंवा गॅस करू. वेगळा डबा! कर्नल वेअरिंग १८९८ मध्येच पिवळ्या तापाने गेले, नाहीतर एकशे अठ्ठावीस वर्षांनी तोच नियम परत आलेला बघून त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

आमच्या डिपॉझिटचं काय झालं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. कापलं नाही. काकांनी कागदावर 'चोक काढला' एवढंच लिहिलं, चमच्याचा उल्लेखच केला नाही. जाताना त्यांनी आपली ॲलन की सिंकखालच्या पाइपाला दोऱ्याने बांधून ठेवली आणि म्हणाले, पुढच्या वेळी मला बोलवू नका. आम्ही तो फ्लॅट सोडला तेव्हा ती तिथेच लटकत होती. चमचा मात्र मी घेऊन आलोय. टोकाला वाकलाय, कडेला दाते पडलेत, आणि अजून त्यानेच साखर घेतो.